स्मृतीची राखण चाळिशीपासून

(सुरत येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. मुद्रणासाठी किरकोळ संपादित.)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी दिवसा पालिकेच्या मराठी शाळेत मुलांना शिकवलं आणि रात्री त्याच मुलांच्या बापांना सही करायला शिकवलं. सुरत महापालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालवते. या शाळांचा आजच्या विषयाशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. संबंध जवळचा आहे आणि तो बोलण्याच्या ओघात येईलच.

आयोजकांनी दिलेला विषय असा: उतारवयात बुद्धी आणि स्मृती शाबूत राहावी म्हणून राहणीत काय बदल करावेत. या विषयावरची भाषणं बहुधा ज्येष्ठ नागरिक संघात होतात. श्रोते सत्तरीचे असतात. शब्दकोडी सोडवा, बदाम भिजवून खा, पहाटे फिरायला जा, असं वक्ता सांगतो आणि मग चहापान होतं. त्यात चुकीचं काही नाही. पण मला आज सत्तरीच्या मंडळींइतकंच त्यांच्या चाळिशी-पन्नाशीतल्या मुलांशी आणि सुनांशी बोलायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. स्मृती गेलेली दिसते सत्तरीत, पण ती जाण्याची तयारी चाळिशीतच सुरू झालेली असते. आणि ती तयारी जितकी घरात होते, तितकीच कामाच्या जागीही होते.

आधी एक भीती दूर करू. चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडकतं, हे वयाबरोबर होतंच. तो आजार नव्हे. जन्मभर सवयीनं केलेली शेवभाजी करताना कशानंतर काय घालायचं याचा गोंधळ उडणं, रोजचा बीआरटीएसचा स्टॉप अनोळखी वाटणं, रिक्षाचे पैसे दिल्यावर पुन्हा पाकीट काढणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणं, शांत स्वभावाच्या माणसानं एकाएकी सुनेवर चोरीचा आळ घेणं, अशा गोष्टी वारंवार घडू लागल्या की समजावं, दवाखाना गाठायची वेळ झाली. याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, आपण स्मृतिभ्रंश म्हणतो. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम मांडला. दुसरा मोठा प्रकार मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यानं होतो. आपल्याकडे पुष्कळदा दोन्ही एकाच माणसात आढळतात. मेंदूतली पडझड लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून चालू असते, हे आता नीट माहीत झालं आहे.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण मोकळे होतो, आणि त्यामुळे माणूस तपासणीला येतच नाही. लासी-डॅड या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. याचा दुसरा अर्थ असा की शंभरातल्या ९२ जणांना तो नाही. म्हणजे म्हातारपण आलं की बुद्धी जाणारच, हे खरं नाही. त्याच पाहणीत पुरुषांमधलं प्रमाण ५.८ टक्के आणि स्त्रियांमधलं ९ टक्के आढळलं. शहरात ५.३, तर खेड्यात ८.४. गावची हवा चांगली, गावचं दूध-तूप चांगलं, मग तिथं प्रमाण जास्त का? एक मोठं कारण शाळा. ज्या पिढीच्या मुली चौथीनंतर शाळेतून काढल्या गेल्या, त्या पिढीच्या आजी आज विसरतायत.

आता जगभरचा हिशेब बघू. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं लंडनच्या प्राध्यापक गिल लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखाली एक आयोग नेमला. स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी कारणं २०१७ साली त्यांनी नऊ मोजली, २०२० मध्ये बारा, आणि २०२४ मध्ये चौदा. अपुरं शिक्षण, ऐकू कमी येणं, रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, लठ्ठपणा, अति दारू, व्यायामाचा अभाव, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा, हवेचं प्रदूषण, आणि उपचार न केलेली अधू नजर. ही सगळी कारणं दूर झाली, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. हा हिशेब समाजाचा आहे, एकेका माणसाचा नव्हे. सगळं पथ्य पाळूनही कुणाला हा आजार होऊ शकतो, तेव्हा आजारी माणसाला दोष देण्यासाठी ही यादी वापरू नका. उरलेल्या ५५ टक्क्यांत वय आहे, अनुवंश आहे. ते आपल्या हातात नाही.

या यादीत एकेका कारणाचा वाटाही काढला आहे. सर्वांत मोठे वाटे दोन, प्रत्येकी सात टक्क्यांचे: वाईट कोलेस्टेरॉल आणि ऐकू कमी येणं. बहुतेकांना दुसऱ्याचं आश्चर्य वाटतं. सुरतेत राहणाऱ्याला वाटू नये; इथले यंत्रमाग आठवा.

तापी खोऱ्यातली रेल्वे झाली तेव्हापासून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावची माणसं सुरतेला येत आहेत. पुढे यंत्रमाग वाढले तसे ती कुटुंबंच्या कुटुंबं येऊन इथंच राहिली. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कधी गेला असाल तर आठवा. पत्र्याचं छप्पर, भिंतीला भिंत लावून मागांच्या रांगा, धोटा डावीकडून उजवीकडे आपटतोय, आणि कारागीर एकमेकांशी हातांच्या खुणांनी बोलतायत. धागा तुटला, बीम संपला, चहा आला, सगळ्याला खूण ठरलेली. नव्या वॉटरजेट मागांवर धोटा नाही, पण गोंगाट आहेच. अशा खात्यांत आवाज ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो. आपल्याकडे ९० डेसिबल ही आठ तासांच्या कामाची मर्यादा धरली आहे. इथली पाळी मात्र बारा तासांची. मोजायला यंत्र लागत नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे, हे धरून चाला.

कानाच्या आतल्या शंखात बारीक केसासारखे तंतू असलेल्या पेशी असतात. आवाजाच्या माऱ्यानं त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ ही अक्षरं पुसट होतात, बाईचा आणि लेकराचा आवाज तुटक येतो. म्हणून असा माणूस डॉक्टरला कधीच सांगत नाही की मला ऐकू येत नाही. तो म्हणतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही, आजकाल लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.’ घरी टीव्हीचा आवाज वाढतो. नातू काही सांगायला आला की आजोबा नुसतं हसून मान हलवतात. मग लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरतात. मग जाणंच टाळतात. घरचे म्हणतात, म्हातारा घुमा झालाय.

मेंदूवर याचा परिणाम तीन वाटांनी होत असावा, असं संशोधक मानतात. तुटक ऐकू आलेलं जुळवण्यातच मेंदूची शक्ती खर्ची पडते, लक्षात ठेवायला उरत नाही. आवाज पोहोचत नसल्यानं त्या भागाचं कामच कमी होतं. आणि माणूस माणसांपासून तुटतो. अमेरिकेत ‘अचीव्ह’ नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली आले. ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्रं दिली, निम्म्यांना आरोग्याची माहिती, आणि तीन वर्षं लक्ष ठेवलं. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, म्हणजे वय जास्त, शिक्षण कमी, रक्तदाब आणि मधुमेह जास्त, त्या गटात श्रवणयंत्रामुळे बुद्धीचा ऱ्हास ४८ टक्क्यांनी मंदावला. आपल्या वस्तीतला निवृत्त लूम कारागीर यांपैकी कुठल्या गटात बसतो, ते मी सांगायला नको. चष्मा लावायला आपण लाजत नाही. कानाच्या यंत्राला का लाजतो?

दुसरी बाब रक्तवाहिन्यांची. ‘सुरतचं जेवण आणि काशीचं मरण’ ही म्हण गुजराती आहे, पण आपण तिचा पहिला अर्धा भाग मनापासून स्वीकारला. सकाळी लोचो नाहीतर खमण, दुपारी डब्यात भाजी-भाकरी, चार वाजता फरसाण, घरी शेवभाजीवर तर्री, आणि ताटात लोणचं-पापड. यात तेल दिसतं. मीठ दिसत नाही. भरीत, कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, मेथी, शेंगदाणे हे आपलं खानदेशी जेवण मुळात वाईट नाहीच. त्यातलं मीठ आणि वरून ओतलेलं तेल कमी केलं, पापड-लोणचं रोजचं न ठेवता सणाचं केलं, तर परदेशी आहारतक्त्याची गरज पडत नाही.

रक्तदाबाचं दुखत नाही, हीच त्यातली मेख आहे. डोकं दुखलं तरच गोळी घेणारे, बरं वाटलं की बंद करणारे माझ्या दवाखान्यात रोज येतात. ‘एकदा गोळी सुरू झाली की जन्मभर घ्यावी लागते’ हे कारण देऊन ती सुरूच न करणारे त्याहून जास्त. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत नऊ हजारांहून जास्त लोक होते. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवलेल्या गटात स्मृतीतली सुरुवातीची घसरण १९ टक्क्यांनी कमी आढळली. पूर्ण स्मृतिभ्रंशाबाबत मात्र पक्का निष्कर्ष निघाला नाही. १२० चा आकडा सगळ्यांना झेपत नाही, तुमचा आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील. पण माहीत नसलेला आणि मोजलेलाच नसलेला रक्तदाब कुणालाच परवडत नाही.

बिडी-सिगारेट लॅन्सेटच्या यादीत आहे. तंबाखू, गुटखा आणि बायकांची मिश्री तोंडाच्या कॅन्सरसाठी आणि रक्तदाबासाठी पुरेशी बदनाम आहेत. त्यांना वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही. गुजरातेत दारूबंदी आहे, आणि पोटली कुठं मिळते हेही वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. डोक्याच्या माराबद्दल इतकंच सांगतो, की गाडीच्या आरशाला अडकवलेलं हेल्मेट डोकं वाचवत नाही. इथल्या पांडेसऱ्याच्या धुराड्यांचं काय करायचं, ते मात्र एकट्या माणसाच्या हातात नाही, आणि त्याचं ओझं त्याच्यावर टाकूही नये.

आता गुरुजींच्या कामाकडे येतो. शिक्षणाचा मेंदूला काय उपयोग? उकाई धरणात साठा असला की एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला तरी तापीकाठ तगतो. शिकण्यानं, वाचण्यानं, डोकं लावून केलेल्या कामानं मेंदूत असाच साठा होतो. आजार आला तरी तो साठा काही वर्षं काम चालवून नेतो. लहानपणी शाळा सुटली म्हणून सगळं संपलं असंही नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाली होती. महत्त्वाचं म्हणजे हा फरक निरक्षर रुग्णांतही दिसला. सगळ्या देशांतल्या अभ्यासांचं यावर एकमत नाही, हे सांगायला हवं. तरी विचार करा. इथल्या लिंबायतची बाई घरात अहिराणी बोलते, मुलाच्या शाळेत मराठी, भाजीवाल्याशी गुजराती, आणि शेजारच्या उडिया बाईशी हिंदी. तिला कुणी विद्वान म्हणत नाही. पण तिचा मेंदू दिवसभर जे काम करतो, ते शब्दकोड्यापेक्षा कमी नाही. आता तिनं गुजराती अक्षरं वाचायला शिकावं, नातवाला तिची अहिराणी गाणी शिकवावीत, फोनवर स्वतः पैसे पाठवायला शिकावं. मेंदूला नवं आणि थोडं अवघड लागतं. वर्षानुवर्षं पाठ झालेलं म्हणण्यापेक्षा नवं भजन बसवणं अधिक गुणाचं.

एकटेपणाचा वाटा लॅन्सेटच्या हिशेबात पाच टक्के आहे, शिक्षणाइतकाच. चाळीत ओटा होता, ओट्यावर माणसं होती. मुलानं सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, लिफ्ट आली, आणि आई-वडील दार लावून बसले. सून मार्केटला कामाला, नातू ट्यूशनला. म्हातारा गावी जातो, तर तिथंही घराला कुलूप आणि बरोबरीचे अर्धे गेलेले. श्रावणात कानबाई बसते तेव्हा सगळी वस्ती चार दिवस एक होते, रोट होतात, रात्री जागतात. वर्षाचे बाकीचे दिवस काय? शिवाय म्हातारपणातलं नैराश्य रडून दिसत नाही. ते ‘भूक नाही’, ‘झोप नाही’, ‘अंग दुखतं’ या तक्रारींतून दिसतं. त्यावर उपचार आहेत.

एकेक गोष्ट सुटी सुटी करण्यापेक्षा सगळ्या एकदम केल्या तर काय होतं? फिनलंडमध्ये प्राध्यापक मिया किविपेल्टो यांनी ते करून पाहिलं. ६० ते ७७ वयाचे १२६० लोक, दोन वर्षं: आहार, व्यायाम, बुद्धीचे खेळ, आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष. २०१५ साली निष्कर्ष आले. या गटाची बुद्धीच्या चाचणीतली सुधारणा दुसऱ्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. अमेरिकेत दोन हजारांवर लोकांवर असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. सल्ला घेऊन आपापल्या सोयीनं बदल करणारेही सुधारले, पण ठरलेल्या वेळी गटानं जमणारे, कुणीतरी विचारपूस करणारं असलेले, जास्त सुधारले. यातून मी घेतो तो धडा असा, की माणूस निश्चयापेक्षा सोबतीच्या जोरावर टिकतो. भजनी मंडळ आधी अर्धा तास चाललं आणि मग भजनाला बसलं, तर फिनलंडचा बराचसा प्रयोग इथं उधन्यात होईल.

टीव्हीवर विकली जाणारी स्मरणशक्तीची टॉनिकं, कॅप्सूल, मोबाईलवरचे खेळ यांवर पैसे घालू नका. ते पैसे रक्तदाबाच्या यंत्राला लावा. आणि विसरणं सुरू झालंच, तर आधी बरं होण्यासारखं कारण शोधा. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, विशेषतः शाकाहारी लोकांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त. साध्या तपासण्यांनी ही कारणं कळतात आणि त्यांवर इलाज होतो. आजार पक्का निघाला तरी सगळं संपत नाही, फक्त काम बदलतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट जमल्यास घरच्यांनी एकत्र बसून पाहा. मोहन आगाशे यांनी त्यात संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापकाची भूमिका केली आहे. विसरणाऱ्या माणसाइतकाच सांभाळणाऱ्यांचा जीव कसा दमतो, ते त्यात आहे. आणि सांभाळणारी बहुधा एकच बाई असते. तिला आठवड्यातला एक दिवस सुट्टी मिळाली पाहिजे, आणि तो दिवस घरातल्या पुरुषांनी भरून काढला पाहिजे.

शेवटी जबाबदारीचं बोलतो. राहणी बदला असं सांगणं सोपं आहे. बारा तास उभं राहून घरी आलेल्या माणसाला ‘रोज व्यायाम करा’ म्हणणारा डॉक्टर त्याची चेष्टा करतो. म्हणून माझी पहिली विनंती खात्याच्या मालकांना आहे. कानात घालायचे बोळे एका चहाच्या किमतीत मिळतात. ते द्या, वापरायला लावा, आणि कारागिराचा कान वर्षातून एकदा तपासून घ्या. आवाजानं आलेला बहिरेपणा हा आपल्या कामगार कायद्यांत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे, हे मालकानं आणि मजुरानं दोघांनीही लक्षात ठेवावं. दुसरी विनंती मंडळांना. गणपतीत रक्तदान शिबिर घेता, त्याला जोडून कान, डोळे, रक्तदाब आणि साखर तपासण्याचं शिबिर घ्या. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तिच्यात श्रवणयंत्र आणि चष्मा मोफत मिळतो. तिचे अर्ज भरून द्यायला दोन शिकलेली पोरं बसवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा सरकारी मदत क्रमांक आहे, तो प्रत्येक चाळीच्या फलकावर लिहा.

आणि तुमच्यापैकी ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. नव्या सिव्हिल रुग्णालयात आणि स्मीमेर रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. एका सुट्टीच्या पाळीला तिथं जा. कान तपासा, रक्तदाब मोजा, साखर आणि कोलेस्टेरॉल पाहून घ्या. जाताना आईला किंवा वडिलांना बरोबर न्या, आणि त्यांचाही केसपेपर काढा. पुढच्या वर्षी ही व्याख्यानमाला भरेल तेव्हा किती जण जाऊन आले, हे मी इथंच विचारणार आहे.